जाळीची तार

गोव्याच्या पावसात केबलच्या वायरीचे टोक फार वर्षे टिकत नाही. ओल शिरते, कनेक्टर गंजतो आणि एक दिवस अलगद हातात येतो. तेही नेमके चवथीच्या दिवसांत! केबलवाला म्हणतो, "सण झाला की येतो." त्याचेही बरोबर आहे. गणपती त्याच्याही घरी असतो.

यंदा आमच्याकडे तसेच झाले. माटोळी बांधून झाली, नेवऱ्या तळून झाल्या आणि टीव्ही गप्प. आईला गुडघ्यांमुळे आता वाड्यावरच्या आरत्यांना जाता येत नाही. संध्याकाळचे टीव्हीवरचे कीर्तन हाच तिचा सण. ती वाती वळता वळता एवढेच म्हणाली, "बघ रे बाबा, काही जमतं का."

मी कलाशाखेचा माणूस, पण ही वायर समजायला सोपी आहे. मध्ये एक कडक तार, तिच्याभोवती पांढरे प्लास्टिक, त्यावर पत्रा आणि बारीक तारांची जाळी, वर काळे आवरण. अशा वायरीचे पेटंट इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली घेतले होते. आपल्याला वाटते की काम सगळे मधल्या तारेचे आणि जाळी नुसती राखणदार. तसे नसते. सिग्नलची वाट दोघींची मिळून पुरी होते. शिवाय बाहेरचा गोंगाट जाळीच अडवते.

सेट-टॉप बॉक्सच्या कनेक्टरला वेगळी पिनही नसते. मधली तारच पिन असते. म्हणजे कनेक्टर हरवला की खरे हरवते ते जाळीचे टेकणे.

आधी बॉक्स आणि टीव्ही, दोन्हींचे प्लग काढले. काळे आवरण इंचभर सोलून जाळी मागे दुमडली आणि तिचा एकही केस मधल्या तारेला शिवत नाही हे चष्मा लावून पाहिले. पांढऱ्या प्लास्टिकातून तार थोडी उघडी केली. नुसती तार भोकात घातली, तर चित्र चौकोनी तुकड्यांत फुटत होते. जुन्या टीव्हीवर निदान मुंग्यांतून माणसे दिसायची. डिजिटलला अर्धवट चालत नाही. मग प्लग पुन्हा काढून जाळी बॉक्सच्या आट्यांवर गुंडाळली, वर चिकटपट्टी लावली. कीर्तनकार सबंध दिसले. आईने वातींचे ताट बाजूला सारले.

मात्र छतावर डिश असेल, तर हा उद्योग करू नये. त्या वायरीतून डिशकडे १३ ते १८ व्होल्ट वीज जाते. जाळीचा एक केस मधल्या तारेला लागला तर बॉक्स बिघडू शकतो. विजा चमकत असताना तर कुठल्याच वायरीला हात नको. आणि केबललाही ही जोडणी चार दिवसांचीच.

नवा कनेक्टर थोड्या पैशांत मिळतो. पुढच्या चवथीच्या सामानाच्या यादीत कापूर-उदबत्तीखाली मी दोन कनेक्टर लिहून ठेवले आहेत. घरात म्हातारे माणूस असेल, तर तुम्हीही लिहा.