भाषा निवडा

एटीएम असो, मोबाइल असो की बँकेच्या फोनवरचा तो यांत्रिक आवाज, यंत्र माणसाला पहिला प्रश्न विचारतं तो भाषेचा. पुण्यात किंवा साताऱ्यात तो पडदा कुणी वाचतही नाही. बोट ठरलेल्या जागी आपोआप पडतं. बेळगावच्या टिळकवाडीत तसं होत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, शेजाऱ्याशी कोकणी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी, असा दिवस इथे अनेकांचा जातो. आणि १ नोव्हेंबर १९५६च्या भाषावार राज्यरचनेत बेळगाव आजच्या कर्नाटकाकडे गेलं, तेव्हापासून भाषा हा इथे नुसत्या सोयीचा विषय राहिलेला नाही. या सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ सालचा, आणि प्रश्न आहे तिथेच आहे. अशा गावात ‘भाषा निवडा’ या दोन शब्दांत आग्रह, आठवण, थोडा संशय असं बरंच काही भरलेलं असतं. इंटरॅक्टिव्ह मीडिया शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पाची कल्पना सुचत नसेल, तर त्याने याच पडद्यासमोर थोडा वेळ उभं राहावं, असं मला वाटतं. कुणीतरी विचारतं, कुणीतरी उत्तर देतं आणि त्या उत्तराने पुढचं सगळं बदलतं. या माध्यमाकडे स्वतःचं असं एवढंच आहे. बाकीचं चित्र, आवाज, गोष्ट हे सगळं त्याने नाटक-सिनेमाकडून उसनं आणलेलं आहे.

सीमाभागातली मुलं डिझाइन शिकायला पुणे, बेंगळुरू, अहमदाबाद गाठतात, आणि पहिल्या प्रकल्पाला गावाकडचा विषय घ्यायला सांगितलं की वहीत साधारण एकाच जातीच्या नोंदी होतात: किल्ल्याला क्यूआर कोड, टचस्क्रीनवर जुनं बेळगाव, व्हीआरच्या चष्म्यातून १९२४ सालचं काँग्रेस अधिवेशन. या नोंदींत चूक काही नाही, फक्त त्या अजून कल्पना झालेल्या नाहीत. त्या उपकरणांची आणि विषयांची जोडकामं आहेत. समोरच्या माणसाने नेमकं करायचं काय, हे त्यांत कुठेच नाही. म्हणजे नामं भरपूर आणि क्रियापदाचा पत्ता नाही. क्रियापद किती टिकतं, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या ॲस्पेन या लहानशा गावाचं उदाहरण घ्यावं. १९७८च्या सुमारास एमआयटीच्या मंडळींनी मोटारीवर कॅमेरे बसवून त्या गावाचे रस्ते दर दहा फुटांवर टिपले, चित्रं लेसर डिस्कवर भरली आणि पाहणाऱ्याला पडद्याला बोट लावून कुठल्याही चौकात डावीउजवीकडे वळू दिलं. लेसर डिस्क कधीच भंगारात गेली. चौकात वळण्याची ती क्रिया मात्र २००७ साली गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये जशीच्या तशी परत आली.

समोरच्या माणसाच्या क्रियेने पुढचं काही बदलतं का, या कसोटीवर आपल्याच गावातल्या गोष्टी घासून पाहिल्या की काही आवडत्या समजुतींना तडा जातो. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. वैशाखातल्या त्या रात्री सजीव देखावे घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात, संवाद होतात, तलवारी चमकतात, आणि लोक लेकरं मांडीवर घेऊन कडेला बसलेले असतात. इतकं जिवंत माध्यम दुसरं नाही, म्हणून विद्यार्थी त्याला हमखास ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून मोकळा होतो. पण कडेला बसलेल्या माणसाच्या एखाद्या उत्तराने अफझलखानाचा शेवट बदलत नाही, आणि बदलूही नये. जिवंत असणं वेगळं आणि उत्तर ऐकून वागणं वेगळं. उलट दिवाळीत गल्लोगल्ली मुलं दगड, माती, गोणपाट रचून जे किल्ले करतात ते वरवर पाहता नुसत्या प्रतिकृती. पण बांधणाऱ्याला तो किल्ला सतत उत्तर देत असतो: उतार चुकला की बुरूज ढासळतो, पाणी जास्त झालं की अळीव कुजतं, तटाबाहेर ठेवलेला मावळा एकटा पडलेला दिसतो. पाहायला येणाऱ्यासाठी तर शेजारी एक पोरगं उभंच असतं. आजी आल्या तर ते महाराजांच्या सिंहासनापासून सुरू करतं, घाईतला काका आला तर दोन वाक्यांत गुंडाळतं, आणि एखाद्याने चोरदिंडी कुठं म्हणून विचारलं की त्याचा चेहराच खुलतो. त्या जागी क्यूआर कोड चिकटवला तर मोबाइलवर सगळ्यांना एकच माहिती मिळेल, तीही न थांबता. तंत्रज्ञान आलं आणि संवाद घटला, याचा इतका स्वच्छ नमुना शोधूनही सापडायचा नाही.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर हा विद्यार्थ्यांचा दुसरा लाडका विषय. १९२४च्या डिसेंबरात २६ आणि २७ तारखेला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं एकमेव, आणि त्यासाठी जमलेल्या माणसांना पाणी मिळावं म्हणून ही विहीर खणलेली. शेजारी वीरसौध हे स्मारक. इथे सुचणारी पहिली युक्ती अशी की प्रेक्षकाने दोर ओढावा, पोहरा वर यावा आणि त्यातून एक आठवण ऐकू यावी. दिसायला छान, पण तो दोर म्हणजे दोराच्या वेशातलं बटण आहे. कुणीही ओढला, कसाही ओढला, वर येणार तेच. खरा प्रश्न त्या अधिवेशनातच पडलेला आहे आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बेळगावात काँग्रेसने सभासदत्वाचा नियम बदलला: चार आणे वर्गणीच्या ऐवजी दरमहा २,००० वार हाताने कातलेलं सूत. म्हणजे जवळजवळ १,८३० मीटर लांबीचा धागा, दर महिन्याला. आजारी असाल किंवा कातायची इच्छा नसेल, तर दुसऱ्याने कातलेलं तेवढंच सूत द्यायची मुभा होती. हा नियम फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी पाटण्याला तो सैल होऊन चार आण्यांचा पर्याय परत आला. राजकारणाच्या इतिहासात ही एका अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाची दोन ओळींची नोंद असेल. डिझाइनच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात एक आयतं यंत्र दिसायला हवं. तीन वाटा: स्वतः काता, दुसऱ्याचं आणा, नाहीतर सभासद राहू नका. आत आलेल्या माणसाच्या हातात टकळी द्यावी. त्याने काढलेलं सूत मोजलं जावं आणि साठत जावं. ज्याला कातायचं नाही त्याने आधीच्या कुणाचं तरी साठलेलं उचलावं, पण मग तेवढं मागून येणाऱ्याला कमी पडावं. इथे कोणी काय केलं याने खोलीतली परिस्थिती खरोखर बदलते, आणि देशाचं सभासद होणं म्हणजे किती वार, हा १९२४चा प्रश्न फलक न वाचता हाताला कळतो. मग यात संगणक कशाला, असं कुणी म्हणेल. मोजायला आणि लक्षात ठेवायला. त्याहून अधिक काम त्याला द्यायची इथे गरज नाही, आणि हे ओळखणंही शिक्षणाचाच भाग आहे.

या म्हणण्यावर एक आक्षेप असा येतो की कल्पना आधी आणि साधन नंतर, ही मांडणी पुस्तकी आहे. प्रत्यक्षात साधनाशी खेळतानाच कल्पना सुचतात. हा आक्षेप हलका नाही. मायरन क्रूगर हा या क्षेत्रातला आरंभीचा माणूस. १९७०च्या सुमारास तो आणि त्याचा सहकारी दोन वेगळ्या ठिकाणी बसून पडद्यावर एकाच आकृतीकडे हातांच्या प्रतिमांनी बोट दाखवत काम करत होते. त्या प्रतिमा एकमेकींवर आल्या, तेव्हा माणसाने खरा धक्का लागावा तसा हात मागे घेतला. कॅमेरा आणि पडदा जोडलेलेच नसते तर हे कुणाला कधी दिसलं असतं? त्यातूनच पुढे ‘व्हिडिओप्लेस’ उभं राहिलं. तेव्हा साधनाशी झटापट हवीच. कोड न लिहिता, सेन्सर न जाळता या विषयात कुणी मोठं होत नाही. पण क्रूगरच्या हाती लागलं काय? हात मागे घेणं. यंत्राकडे पाहताना त्याला माणूस दिसला, म्हणून ते त्याच्या कामी आलं. तोच जोड समोर असताना दुसरा कुणी प्रतिमा अधिक स्पष्ट कशी करावी याच खटपटीत राहिला असता. साधनाने दार उघडलं, हे मान्य. आत कोण आहे हे पाहायची सवय साधन लावत नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे. टिळकवाडीचं सूत आणि दिवाळीचा किल्ला घेऊन बेंगळुरूच्या कंपनीत नोकरी कोण देईल? गावाकडचं म्हटलं की ते कौतुकाचं, प्रदर्शनात ठेवायचं, ही भीती अगदीच खोटी नाही. मावळ्यांच्या फेट्यांनी सजवलेली ॲप्स आपण पाहिलेली आहेत. पण स्थानिक असण्याचा अर्थ सजावट असा घेतला तरच हे खरं. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड तयार झाला आणि २०१३ साली लोकांच्या हाती आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती का-कि-की-कु असं चक्र उमटतं आणि बोट सरकवून हवं ते अक्षर घेता येतं. पहिलीतल्या मुलाने पाटीवर गिरवलेली बाराखडी, तिच्यातली ‘व्यंजन धर, स्वर लाव’ ही क्रिया तेवढी उचलली. पडद्यावर ना तुतारी, ना पैठणीची किनार. आणि म्हणूनच ते मराठीपुरतं राहिलं नाही, कन्नडसह इतर भारतीय लिपींतही गेलं; आपण ज्याला बाराखडी म्हणतो तेच कन्नडमध्ये कागुणित. बेळगावात ही गोष्ट जरा जास्त अर्थाची ठरते. ज्या दोन लिप्या पाट्यांवर एकमेकींना सरकवायला उभ्या केल्या जातात, त्या बोटाखाली एकाच रीतीने चालतात.

इथवर आल्यावर तिसरा आक्षेप ऐकू येतोच, आणि तो मला सगळ्यांत योग्य वाटतो: हे सगळं चातुर्य खऱ्या तंट्याला बगल देण्यासाठी तर नाही ना? बाराखडी एक म्हणून हक्क एक होत नाहीत. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात असावं, असा कायदा आहे. अक्षराचं आकारमान आणि जागा, जी डिझाइनच्या वर्गात डोळ्याने ठरवायला शिकवतात, ती इथे विधिमंडळाने टक्क्यांत ठरवून दिली आहे. याच्यापुढे विद्यार्थ्याच्या प्रकल्पाने काय करायचं? तंटा सोडवणं त्याच्या हातात नाही, आणि सोडवल्याचा आव आणणारे हातात हात घातलेल्या दोन अक्षरांचे पोस्टर तर त्याने मुळीच करू नयेत. पण प्रश्न झाकणं आणि प्रश्न नीट विचारणं यांत फरक आहे. शोधाच्या चौकटीत कुणी ‘बेळगाव’ लिहील, कुणी ‘बेळगावी’, कुणी ‘बेलगाम’. १ नोव्हेंबर २०१४ला नाव अधिकृतपणे बदललं तरी लिहिणाऱ्याचं बोट बदलत नाही. यंत्राने यांतलं एकच खरं मानायचं, की सगळ्यांना दार उघडायचं, की लिहिलंय तसंच नाव पुढच्या पडद्यावरही ठेवायचं? तिन्ही शक्य आहेत, तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि निवड न करता पुढे जाता येत नाही. शिवाय ‘काय करूलालास?’ असं मराठी-कन्नड मिसळून एका दमात बोलणाऱ्या माणसाची भाषा यादीतली नेमकी कुठली धरायची, हेही आहेच.

यावर बहुतेक विद्यार्थी एक सुरक्षित वाट काढतात: कुणाची बाजू नको, भाषांची यादी वर्णानुक्रमाने लावू. कागदावर हे अगदी निष्पक्ष दिसतं. मग यादी लागते. देवनागरीच्या क्रमाने लावा, कन्नडच्या लावा की रोमनच्या लावा, मराठी खाली, तिच्यावर कन्नड, आणि तिन्ही वेळा सगळ्यांत वर इंग्रजी.