चंद्रपूर, कूलर आणि रुसलेला मटरू

मित्रमंडळींना एकदा सांगून बघा, 'वीकएंडला चंद्रपूरला चाललेय.' पुढचा डायलॉग ठरलेला असतो. 'ताडोबा? सॉलिड! वाघ दिसला की लगेच फोटो पाठव.' त्यांचं काही चुकत नाही म्हणा. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून चंद्रपूर म्हणजे वाघ हे समीकरण पक्कं आहे. पण या वेळी मी जिच्यासाठी ट्रेनमध्ये बसले ती 'वाइल्डलाइफ' जेमतेम एक इंच लांबीची होती. आणि तिने चार दिवसांपासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

माझा मावसभाऊ चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात इंजिनीयर आहे. मुक्काम ऊर्जानगर. भाचीच्या सातव्या वाढदिवसाला त्याने नागपूरच्या एका दुकानातून पफर फिश आणला. हिरवट-पिवळा, अंगावर काळे ठिपके, वाटाण्यासारखा गोल. दुकानात 'पी पफर' म्हणतात. भाचीने तिथल्या तिथे बारसं केलं: मटरू. काचेची दीड फुटी टाकी, निळे खडे, प्लास्टिकचा पाणबुड्या, रंग बदलणारे एलईडी, सगळं एकाच दिवशी, एकाच बिलात. दुकानदाराने दाण्याची डबी दिली आणि वर सल्लाही दिला, की हा समुद्राचा मासा, पाण्यात दोन चमचे मीठ टाका.

मटरूने दाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाणे तळाशी कुजले, पाणी गढूळ झालं. 'काहून खात नाही बाप्पा हा? पोट आत चाललं त्याचं,' वहिनीचा फोन आला. वहिनी अस्सल चंद्रपूरकर, सहसा घाबरत नाही. माझ्या घरी पाच वर्षांपासून माशांची टाकी आहे, म्हणून हा फोन मला. मी पाण्याची टेस्ट किट बॅगेत टाकली आणि निघाले.

आता जरा या साहेबांची ओळख. पूर्ण नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस, म्हणजे माशापेक्षा नाव लांब. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये याची नोंद केली. गाव केरळ, थोडं दक्षिण कर्नाटक. पश्चिम घाटातल्या संथ, गोड्या पाण्याच्या नद्या आणि त्यातलं दाट पाणगवत हे याचं घर. म्हणजे समुद्राशी संबंध शून्य. दुकानात याच्याच शेजारी जो मोठा, हिरव्या ठिपक्यांचा पफर मिळतो, त्याला मचूळ पाणी लागतं. दोघांचं आडनाव एक आणि पथ्य वेगवेगळं, त्यामुळे बरेच घोळ होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मटरू शिकारी आहे. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. समोरची वस्तू हलली, की तो थांबतो, निरखतो आणि मग चोच मारतो. हो, चोचच! वरचे-खालचे दात जुळून तयार झालेली, आणि ती आयुष्यभर वाढत राहते. छोट्या गोगलगायींची कवचं फोडून ती झिजायची असते. आता अशा गड्यासमोर तुम्ही न हलणारा तपकिरी दाणा टाकलात, तर त्याच्या लेखी तो खडा आहे. तो रुसलेला नसतो. समोर जेवण आहे, हेच त्याला कळलेलं नसतं.

शुक्रवारी रात्री आम्ही कामाला लागलो. पहिलं काम पाणी. किटमधली नळी पिवळी राहायला हवी होती, ती हिरवी झाली. म्हणजे अमोनिया. नव्या टाकीत हे होणारच, कारण माशाची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आले, की त्या आठवड्यांचा हिशेब मासा चुकता करतो. बादलीभर नळाचं पाणी भरलं, त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, दोन्हीकडचं तापमान सारखं होऊ दिलं आणि टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदललं. मीठही त्याबरोबर हळूहळू उतरणार होतं.

दुसरं काम आडोसा. निळे दिवे बंद. टाकीच्या तीन बाजूंना खाकी कागद. वहिनीच्या मनीप्लांटच्या चार फांद्या कापून, धुऊन, मुळं पाण्यात लोंबतील अशा वर अडकवल्या. गेल्या दिवाळीची एक कोरी पणती उपडी ठेवली. भाचीला समजावलं, की 'फुगवून दाखव' म्हणत काचेवर बोट मारायचं नाही. पफर गंमत म्हणून फुगत नाही, जिवाच्या भीतीने फुगतो. तिने मैत्रिणींसाठी टाकीवर लगेच पाटी लावली: 'मटरू झोपला आहे.'

तिसरं काम जेवणाचं. आणि इथे चंद्रपूर मदतीला आलं, बॉस! उन्हाळ्यात इथला पारा ४७च्या पुढे जातो. घरटी कूलर. ऑक्टोबरमध्ये तो खिडकीला नुसता टांगलेला, तळाशी पावसाचं पाणी, आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या! एरवी महापालिकेची माणसं तपासायला आली की घरोघरी कूलर उपडे होतात, आणि व्हायलाच हवेत, कारण डेंग्यू काही थट्टा नाही. या कूलरमध्ये फिनाइल किंवा औषध टाकलेलं नाही, याची आधी खात्री केली. मग चहाच्या जुन्या गाळणीने अळ्या गाळल्या, तीनदा स्वच्छ पाण्यात धुतल्या आणि पाच-सहाच टाकीत सोडल्या. उरलेलं पाणी तिथल्या तिथे मातीत ओतून कूलर कोरडा केला.

मटरूने एक डोळा फिरवला. मग पणतीखाली निघून गेला. बस्स.

शनिवारी दादाची सुट्टी होती, टाकीपाशी तो थांबला. वहिनी, भाची आणि मी सावली तालुक्यात वहिनीच्या माहेरी निघालो. चंद्रपूर ते मूल साधारण पंचेचाळीस किलोमीटर, पुढे सावली, आणि मग वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. मूल सोडलं की दोन्ही बाजूंना भाताची शेतं सुरू होतात, आणि शेतांच्या वरच्या अंगाला तलाव. एक संपत नाही तोवर दुसरा. हे मामा तलाव. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. गोंड राजांच्या काळापासून इथल्या लोकांनी, त्यातही कोहळी समाजाने, हे हजारो तलाव पूर्व विदर्भात बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावाला 'माजी' चिकटलं. ब्रिटिश काळातला असोलामेंढाचा मोठा तलाव याच तालुक्यात आहे. फोटोवाल्यांनी संध्याकाळी तिथेच जावं. पण मला आवडला तो वहिनीच्या गावचा बिननावाचा तलाव. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात कमळं, काठाला गुडघाभर पाण्यात जाळं झटकणारी एक ढिवर आजी.

वहिनीने तिला मटरूची कहाणी ऐकवली. आजीने ती मुळीच हसण्यावारी नेली नाही. तिने विचारलं, 'टाकीत गवत हाये का?' आम्ही म्हटलं, कालपर्यंत नव्हतं. 'मंग भेली असन ते. मासोळीले आधी लपाले जागा पायजे, मंग खाते ते.'

मी इतकी पानं वाचून, किट घेऊन जे करत होते, ते आजीने एका वाक्यात सांगितलं. आणि ती फक्त मटरूबद्दल बोलत नव्हती. या तलावांत रोहू-कतल्याचं बीज सोडलं जातं, कारण ते लवकर वाढतं, बाजारात खपतं. बेशरमीची झुडपं काठ गिळतात, आतलं देशी गवत जातं, आणि त्या गवतात अंडी घालणारे, लपणारे, चरणारे लहान देशी मासे त्याच्याबरोबर जातात. शेजारच्या भंडारा-गोंदियात मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाबरोबर, विशेषतः बायकांबरोबर, यावर काम केलं. बेशरम उपटली आणि तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे सोडण्याआधी माशांचं घर लावायचं, असा सरळ हिशेब. दीड फुटी टाकी असो की पन्नास एकरांचा तलाव, नियम तोच.

चंद्रपूर शहराच्या मधोमध असलेल्या रामाळा तलावाचीही अशीच गोष्ट आहे. सांडपाणी आणि जलपर्णीने तो गुदमरला होता. तो वाचावा म्हणून 'इको-प्रो'च्या बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला. तलावासाठी माणसाने जेवण सोडलं. हे ऐकल्यापासून 'साधा मासाच तर आहे' हे वाक्य मला चंद्रपुरात तरी कुणासमोर म्हणवत नाही.

दुपारी वैनगंगेच्या पुलावर फोन वाजला. दादा कुजबुजत होता, जणू मोठ्याने बोललं तर मटरू ऐकेल. 'खाल्ली! पणतीतून बाहेर आला, एक अळी बघितली, बघितली, आणि टक्! चार खाल्ल्या.' भाचीने गाडीतच उड्या मारल्या. आनंदात आम्ही तशाच पुढे चामोर्शीच्या बाजूला मार्कंड्याला गेलो. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. कोरीवकाम असं, की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. नदी मात्र शांत. पायऱ्यांवर बसून आम्ही वहिनीच्या आईने दिलेली भाकरी आणि झिंग्यांची चटणी संपवली.

वहिनी आणि भाची परतल्या, मी आलापल्लीमार्गे हेमलकशाला गेले. रस्ता लांबचा, जंगल घनदाट, मोबाइलची रेंज मधूनमधून गायब. लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. २००८ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात एका माकडाच्या पिल्लापासून झाली. शिकार झालेल्या आईला ते चिकटून होतं. प्रकाशभाऊंनी माडिया शिकाऱ्यांना धान्य देऊन ते मागून घेतलं. यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शिकार करणारी माणसं भुकेली होती, म्हणून पिल्लाच्या बदल्यात त्यांच्या जेवणाची सोय झाली. कुणाला काय हवंय, हे आधी पाहिलं गेलं. प्राणी घरी आणणाऱ्या प्रत्येकाने इथे एक चक्कर मारावी. 'किती क्यूट!' हे बोलून झाल्यावर खरं काम काय असतं, ते इथे दिसतं.

मटरूची भूक आता खणखणीत आहे. वहिनीच्या गावच्या तलावातल्या बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी सध्या वेगळ्या बरणीत पंधरा दिवसांच्या क्वारंटाइनमध्ये आहेत. तलावातून थेट टाकीत कधीच टाकू नका, रोग येतात. दादाने मात्र एक निर्णय घेतलाय: दुसरा पफर आणायचा नाही. या जातीतले कित्येक मासे आजही थेट नदीतून पकडून विकले जातात, आणि जागतिक रेड लिस्टमध्ये तिची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. जो घरात आलाय, त्याला नीट जगवायचं, एवढंच.

तुमच्याही घरी असाच रुसलेला पाहुणा असेल तर…
• आधी पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट शून्य हवं. नसेल तर रोज थोडं पाणी बदला.
• झाडं, आडोसा, मंद उजेड द्या. पहिले काही दिवस त्याला एकटं सोडा.
• हलणारं जिवंत खाणं द्या, थोडं थोडं. उरलेलं लगेच काढा.
• पोट खपाटीला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर पोटात जंत असू शकतात. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना विचारा. मनाने औषधं ओतू नका.
• आणि विकत घेण्याआधी दुकानात एकच प्रश्न विचारा: हा कुठला?

कसं जाल?
नागपूरहून चंद्रपूर साधारण दीडशे किलोमीटर. ट्रेन आणि एसटी भरपूर. चंद्रपूर ते गडचिरोली ऐंशीच्या आसपास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. ताडोबाचं बुकिंग आधी करा, हेमलकशाला जाण्यापूर्वी प्रकल्पाला कळवा. मूल-सावली रस्त्यावर मात्र बुकिंग वगैरे काही लागत नाही. तलाव दिसला की गाडी थांबवा आणि पाळीवर कुणी असेल तर पाण्यात काय काय राहतं ते विचारा. तासभर सहज जाईल.