लास व्हेगासमधल्या खोलीचा खरा भाव

चि. अनघास,


लास व्हेगासच्या हॉटेलांचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. तिथे खोलीचे नुसते भाडे भरून सहसा भागत नाही. त्यावर 'रिसॉर्ट फी' नावाचे सक्तीचे शुल्क दर रात्री चढते आणि मग दोहोंवर मिळून कर लागतो. वाय-फाय, व्यायामशाळा, स्थानिक फोन अशा सोयींचे म्हणून ते घेतले जाते; त्यातली एकही सोय वापरली नाही तरी पैसे सुटत नाहीत.

याचे मूळ या शहराच्या धंद्यात आहे. पूर्वी खोली आणि जेवण स्वस्तात देऊन माणसाला जुगाराच्या टेबलाशी आणायचे आणि तिथे वसुली करायची, अशी रीत होती. आता 'स्ट्रिप' या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, खाणेपिणे आणि करमणूक यांतून येते. त्यामुळे खोलीतूनच कमाई करणे भाग पडले, पण भाव चढा दिसून चालेना. कारण गिऱ्हाईक सर्वांत कमी आकडा बघूनच पुढे सरकते. शिवाय बुकिंग करून देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन साधारणपणे मूळ भाड्यावर मोजले जात असल्याने वेगळे काढलेले शुल्क त्यातूनही वाचत असे.

हिशेब मांडून पाहिला की चित्र स्पष्ट होते. समजा, मंगळवारच्या रात्रीचे भाडे ४० डॉलर आणि रिसॉर्ट फी ४५ डॉलर आहे. बेरीज ८५. त्यावर सुमारे १३ टक्के कर, म्हणजे ११ डॉलर. एकूण झाले ९६. भाड्याची गाडी असेल तर पार्किंगचे वीसेक डॉलर आणखी. याउलट, फी न घेणाऱ्या हॉटेलात ८० डॉलरची खोली करासह ९० च्या आसपास पडते आणि पुष्कळदा त्यात सकाळची न्याहारीही असते. ४० ची खोली ८० च्या खोलीपेक्षा महाग ठरते ती अशी. भाडे उतरले तरी फी सहसा उतरत नाही, म्हणून स्वस्त दिवशीच तिचा भार जास्त जाणवतो. मात्र ती खोलीमागे असते, माणशी नव्हे. खोली वाटून घेतली तर ती वाटली जाते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा याविषयीचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. सक्तीची सर्व शुल्के धरूनच भाव दाखवला पाहिजे, असे तो सांगतो. नियमाने फी बंद झालेली नाही. तिला फक्त उजेडात आणले आहे. सरकारी कर सुरुवातीच्या भावात न धरण्याची मुभा अजून आहे. म्हणून तुलना करायची ती पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावरल्या रकमेचीच.

फी टाळायची तर कॅसिनो नसलेली साखळी हॉटेले आधी पाहावीत. पॅराडाइज रोड आणि कन्व्हेन्शन सेंटरच्या परिसरात अशी बरीच आहेत. तिथून मोनोरेल स्ट्रिपच्या पूर्वेकडील हॉटेलांमागून एमजीएम ग्रँडपर्यंत जाते. दुसरा पर्याय जुन्या गावातल्या फ्रीमाँट स्ट्रीटचा. तिथल्या फोर क्वीन्सने 'रिसॉर्ट फी नाही' हीच बराच काळ जाहिरात केली; शेजारची अनेक हॉटेले मात्र फी घेतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी खात्री करावी. फ्रीमाँट स्ट्रीट ते स्ट्रिप 'ड्यूस' ही बस रात्रंदिवस धावते. हिल्टन आणि हयात या साखळ्या सभासदत्वाच्या पॉइंटांवर पूर्णपणे घेतलेल्या मुक्कामाला ही फी लावत नाहीत. कॅसिनोच्या वरच्या श्रेणीतल्या सभासदांनाही ती माफ होते, पण ती श्रेणी मिळवण्यासाठी जुगारात घालवावे लागणारे पैसे फीच्या कितीतरी पट असतात.

तारखांचे महत्त्व जागेइतकेच. रविवार ते गुरुवार भाव उतरलेले असतात, शुक्रवार-शनिवारी ते चढतात. जानेवारीतले सीईएस प्रदर्शन आणि २०२३ पासून नोव्हेंबरात होणारी फॉर्म्युला वन शर्यत या दिवसांत स्वस्ताईची आशाच नको. बुकिंग रद्द करता येण्याजोगे घ्यावे. भाव उतरला तर जुने सोडून नवे करता येते.

आता किरकोळ पण चिमटा काढणारे खर्च. स्ट्रिपवर पार्किंग बहुतेक फुकट असे. २०१६ मध्ये एमजीएम कंपनीने शुल्क सुरू केले आणि इतरांनी तोच कित्ता गिरवला. लवकर चेक-इन करायचे तर वेगळे पैसे पडतात. काही खोल्यांतल्या मिनीबारला सेन्सर असतो. बाटली नुसती उचलून ठेवली तरी बिलात चढते. चेक-इनच्या वेळी डिपॉझिट म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिले तर हातखर्चाचेच पैसे अडकतात, म्हणून इथे क्रेडिट कार्ड पुढे करावे. भारतीय कार्डावर बँकेचे परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. मशीनने रुपये की डॉलर असे विचारले तर डॉलरच निवडावे. रुपयांचा दर सहसा महाग पडतो. शिवाय बहुतेक कॅसिनो हॉटेलांत चेक-इन करणाऱ्याचे वय किमान २१ लागते. ते नसेल तर भरलेले बुकिंगही कामाला येत नाही.

कळावे,
काका