आजीची वाटी आणि काकांचे बुश

काका लेथवरून घरी आले की त्यांच्या शर्टाच्या खिशातून सोनेरी कीस सांडायचा आणि आम्ही भावंडं तो वेचायला धावायचो. सत्तरच्या दशकात पनवेलमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत असा एखादा काका किंवा मामा होताच. कोणी रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये, कोणी एसटीच्या डेपोत, तर कोणी बाजारातल्या छोट्या वर्कशॉपात. त्याआधी हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी ओळखलं जायचं. देशावरून उतरणारे गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जात, अशी नोंद ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्येही आहे. फिरणाऱ्या वस्तूची काळजी कशी घ्यायची, हे इथल्या कारागिरांना जुनंच ठाऊक होतं.

काकांचा जीव बुशांवर, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्यांवर. "शाफ्ट महाग, बुश स्वस्त. झिजायचं ते बुशने," एवढ्या दोन वाक्यांत ते सगळं शास्त्र सांगून टाकायचे. पंपाचे बुश, वर्म गिअरचं चाक, हे फॉस्फर ब्रॉन्झचं. तांब्यात दहा-बारा टक्के कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस. रस ओतताना फॉस्फरस त्यातला प्राणवायू काढून घेतो, म्हणून ओतीव घट्ट येतं आणि झीज कमी होते. काही बुशांत शिसंही घालतात. ते तांब्यात विरघळत नाही, बारीक ठिपक्यांसारखं वेगळं राहतं आणि तेल कमी पडलं तर वंगणाचं काम करतं. व्हॉल्व्ह आणि वाफेच्या तोट्या गनमेटलच्या : ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. रसायनांच्या कारखान्यात ठिणगी उडणं धोक्याचं, तिथे अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झची हातोडी लागते. त्यात कथील जवळपास नसतंच.

गनमेटल हे नाव तोफांवरून आलं. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली आणि आता विजापूरला असलेली मुलूख-ए-मैदान तोफ मात्र घंटेच्या धातूची आहे. घंटा म्हटली की आम्हाला पाली आठवायची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेली घंटा पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात आहे, हे वडीलधारे दर खेपेला सांगायचे आणि आम्ही दर खेपेला नव्याने ऐकायचो.

घंटेत कथील साधारण २२ टक्के, आणि आजीच्या काशाच्या वाटीतही तेवढंच. हे कळल्यावर आम्ही पोरं चाट पडलो होतो. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद येतो, पण ठिसूळपणाही येतो. म्हणून आई आमच्या हातात काशाचं ताट द्यायची नाही. "पितळ चेपतं, कासं फुटतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. उन्हाळ्यात रात्री आजी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. काळा मळ उतरला की म्हणायची, उष्णता निघाली. काका म्हणायचे, ते तूप आणि तांब्याचं काम आहे. दोघांचं कधी जमलं नाही, पण पाय मात्र दोघेही घासून घ्यायचे.

मग स्टील आलं. घासायला सोपं, पोरांच्या हातून पडलं तरी चिंता नाही. आयांना त्याचा मोह पडला, त्यात त्यांचं काय चुकलं? मोड घालून नव्या ताटांचे सेट आले आणि काशाची ताटं-वाट्या तराजूत गेल्या. त्यातलं बरंचसं पुढे ओतशाळेत वितळून यंत्रांचे भाग झालं असणार.

मला याची हळहळ वाटते आणि त्याला कारण आहे. बुश नव्या तांब्या-कथलातूनही ओतता येतो. पण काशाचं ताट थंड असताना ठोकलं तर तडकतं. ते लालबुंद तापवून, पुन्हा पुन्हा भट्टीत घालून ठोकावं लागतं आणि शेवटी पाण्यात बुडवून थंड करावं लागतं. हे हातातलं कसब आहे. वजनावर विकताना भाव धातूचा मिळतो, या कसबाचा एक पैसाही मिळत नाही.

जुनी घरं पाडून फ्लॅट होताना अजूनही माळ्यावरची भांडी खाली येतात. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी वाटी बोटांच्या टोकांवर धरून नखाने टिचकी मारा. नाद लांबत गेला, तर ती अखंड काशाची आहे. ती विकू नका. रोजच्या वरणाला काढा.