जमिनीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट

आमच्या बाभुळगावच्या घरी दोन कागद बरीच वर्षे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले होते. एक माती परीक्षणाचा अहवाल आणि दुसरा बाबांच्या रक्ताचा. पहिल्यात उपलब्ध जस्त कमी होते, दुसऱ्यातही जस्त कमीच होते. शिवाय तांबे प्रमाणाबाहेर वाढलेले. २००६ सालच्या उन्हाळ्यात हे दोन कागद ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून बाबा म्हणाले होते, "जमिनीचा रिपोर्ट आला तं जमिनीले झिंक देतो आपन. मंग मले काहून नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हांला पुढे दोन वर्षे लागली.

बाबांना सोरायसिस होता. कोपर, गुडघे, डोके आणि पाठ यांवर लाल चकंदळे उठत आणि त्यांवर चंदेरी खवले धरत. हिवाळ्यात ते वाढत, पावसाळ्यात काहीसे उतरत. दुखण्यापेक्षा खवल्यांचा धाक मोठा होता. बाबा उठले की खुर्चीवर पांढरा भुसा राही आणि आई तो पाहुण्यांच्या आधी पदराने झटकून टाकी. धाकट्या बहिणीची एक सोयरीक अशाच एका खुर्चीपाशी मोडली. पाहुण्यांनी काही विचारले नाही, चहा मात्र पुरता घेतला नाही. त्या दिवसापासून बाबांनी लग्नाच्या पंगतीत बसणे सोडले. गावात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. पण तो काय आहे, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होते.

तो शब्द म्हणजे कुष्ठ. त्याची गुंतागुंत जुनी आहे. आयुर्वेदाने अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत त्वचेचे नाना विकार एकाच छत्राखाली आले. युरोपातही सोरायसिस दीर्घकाळ महारोगाच्या नावाखाली वावरला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये त्याला त्या नावापासून सोडवले. महारोगाचा जंतू हान्सेन यांना दिसला तो १८७३ मध्ये. सोरायसिसला जंतूच नाही, तो कोणाला लागत नाही; शरीराची संरक्षणव्यवस्था बहकते आणि त्वचेच्या पेशी, ज्यांना एरवी पृष्ठभागी यायला महिना लागावा, त्या काही दिवसांतच वर येऊन साचतात. परंतु वैद्यकाने वेगळे केलेले शब्द लोकांच्या मनात वेगळे व्हायला शतकेही पुरत नाहीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभे केले, सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. हा सारा सेवेचा इतिहास आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर घडला. तरीही खुर्चीवरचा भुसा झटकावा लागतच होता.

अशा घरात तो रक्ताचा कागद आला. दूरच्या शहरातल्या एका उपचारकाने ही तपासणी करवून घेतली आणि त्वचारोगाचे मूळ सापडल्याचे सांगितले. त्या कागदाने आम्हांला काय दिले, ते आज नीट कळते. त्याने पूर्वजन्म काढून घेतला, पाप काढून घेतले आणि जागी एक आकडा ठेवला. बाबा एस.टी.त शेजारच्या प्रवाशाला आपण होऊन सांगू लागले, "काही नाही जी, मले झिंक कमी हाय." कित्येक वर्षांनी त्यांना आपल्या दुखण्याविषयी मोठ्याने म्हणता येईल असे वाक्य मिळाले होते.

मग आम्ही आकड्याच्या मागे लागलो. जस्ताच्या गोळ्या दिवसाला तीन सुरू झाल्या. तांबे वाढलेले म्हणून आजीच्या वेळेपासून पाण्याला वापरात असलेला तांब्याचा गुंड माळ्यावर गेला. आणि येथे आम्ही चूक केली, ती स्पष्टच लिहिली पाहिजे. मूळ सापडले आहे तर फांद्या कशाला छाटायच्या, असे म्हणून कोलटारचे मलम आणि पूर्वीचे उपचार बंद केले. बाबांना सकाळी मळमळे. चकंदळी वाढत गेली. आम्ही म्हणत राहिलो, जमिनीलाही एका हंगामात गुण येत नाही.

ही आशा निव्वळ अडाणीपणाची नव्हती. बक्सरमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझला होते. तेथे त्यांनी एकवीस वर्षांचा एक तरुण पाहिला, जो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता आणि कोंड्याची रोटी व माती खाऊन जगत होता. त्यातून माणसालाही जस्ताची उणीव बाधते, हे जगाला कळले. पुढे लंडनमध्ये एडमंड मॉयनाहन यांनी १९७३ च्या सुमारास दाखवले की, तान्ह्या मुलांच्या तोंडाभोवती आणि बैठकीवर भयंकर चट्टे आणणारा एक जन्मजात रोग जस्त दिल्यावर पाहता पाहता ओसरतो. म्हणजे त्वचेचा एक रोग खरोखरच जस्ताने बरा होतो. आम्ही एवढेच गृहीत धरले की, तो बाबांचाच आहे.

२००८ मध्ये कळंब-देवळीच्या रस्त्याने आम्ही बाबांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. तेथल्या डॉक्टरांनी पिशवीतले दोन्ही कागद पाहिले. मातीचा पाहून हसले आणि मग तोच हाती घेऊन समजावले. मातीत एकूण जस्त पुष्कळ असते, पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते पिकाला मिळत नाही; म्हणून मिळण्याजोगे किती, ते मोजतात. ते किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की पीक पिवळे पडते. तेथे आकडा कारण आहे आणि पिवळेपण परिणाम. रक्ताचे तसे नाही. शरीरातले दोन-तीन ग्रॅम जस्त बहुतेक स्नायूंत आणि हाडांत असते; रक्तद्रवात त्याचा हजारावा हिस्सा. रक्त हा कोठार नव्हे, रस्ता आहे. शरीरात दाह पेटला की यकृत रक्तातले जस्त आपल्याकडे ओढून घेते. त्याच वेळी यकृत सिरुलोप्लाझमिन हे प्रथिन अधिक तयार करते, आणि रक्तातले बहुतांश तांबे त्याच्याच अंगाखांद्यावर असल्याने तांब्याचा आकडा चढतो. खवल्यांवाटेही थोडे जस्त निघून जाते. म्हणजे रोगाने आकडा हलवला होता, आकड्याने रोग आणला नव्हता.

नमुना साध्या नळीत घेतला तर रबरी बुचातले जस्त त्यात उतरते, जेवणानंतर आकडा घसरतो. त्यासाठी वेगळी नळी आणि सकाळची वेळ लागते, हेही त्यांनी सांगितले. गोळ्या मात्र त्याच दिवशी थांबवल्या. जास्त जस्त दीर्घकाळ घेतले तर आतडे तांबे आत घेत नाही. रक्तक्षय होतो, पायांच्या नसा बधिर होतात. आम्ही ज्या तांब्याला शत्रू समजून माळ्यावर टाकले, त्याचीच उणीव ओढवून घेण्याच्या वाटेवर होतो.

मेथोट्रेक्सेट सुरू झाले, आठवड्यातून एकदाच, रक्ताची नियमित तपासणी करत. पाच-सहा महिन्यांत पाठ निवळली, कोपरांवर फिकट खुणा तेवढ्या राहिल्या. तेव्हा आमच्याच हट्टाने जस्त-तांबे पुन्हा मोजले. दोन्ही आकडे आपापल्या जागी आले होते, एकही गोळी न घेता. आईने गुंड खाली उतरवला आणि चिंचेने घासला.

येथे हा लेख संपायला हवा होता. पण बहिणीच्या लग्नात बाबा पंगतीला बसले. शेजारच्या पाहुण्याची नजर त्यांच्या कोपराकडे गेली आणि बाबा शांतपणे म्हणाले, "झिंक कमी हाय मले, बाकी काही नाही." आम्ही वाढायला उभे होतो. हे वाक्य खोटे आहे, हे त्या मांडवात फक्त आम्हांला आणि बाबांना ठाऊक होते. खरे उत्तर सांगायला शरीराच्या संरक्षणव्यवस्थेपासून सुरुवात करावी लागली असती आणि ते पुरे होण्याआधी पाहुण्याने ताट थोडे सरकवले असते.

आम्ही वरणाचे भांडे घेऊन पुढे गेलो. ज्या आकड्याने आमची दोन वर्षे घेतली, त्याच आकड्याने बाबांना पंगत परत दिली. पाहुण्याने ताट सरकवले नाही. त्याने विचारले, "मंग झिंक कशात असते जी?" आणि बाबा त्याला मातीविषयी सांगू लागले, एकरी किती आणि कधी टाकायचे ते. तेवढे मात्र सगळे खरे होते.