कच्ची मुले आणि समांतर रेषा

‘युगान्त’ शिकविताना इरावती कर्व्यांचे दुसरेच एक पुस्तक आम्हांस आठवते : वि. म. दांडेकरांसह १९५१ साली सिद्ध केलेले, महाराष्ट्रातील लोकांच्या शारीरिक मोजमापांचे. एकेका माणसाची अनेक मापे आणि त्यांवरून समूहांची तुलना.

तलासरीच्या आमच्या वर्गातही समूह आहेत : घरी वारली बोलणारी मुले आणि इतर. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांच्या गुणांची सरासरी काढली की पहिली मुले ‘कच्ची’ ठरतात आणि विषय मिटतो. संख्याशास्त्रातले ‘प्रोफाइल अ‍ॅनॅलिसिस’ मात्र चारही सरासऱ्या रेषेने जोडून विचारते : दोन्ही गटांच्या रेषा समांतर आहेत का? असल्यास एकाच उंचीवर आहेत का? सपाट आहेत का? पहिल्याच प्रश्नाला नकार आला, एक रेषा बोलण्यात चढून लिहिण्यात कोसळली, तर ‘कच्ची’ हा शब्दच खोटा पडतो.

‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली हे गणित क्षणात करते. (आम्हां मराठीवाल्यांना ती उमगायला लागलेला काळ वेगळा!) पण रकाने आपणच पुरवायचे. वारलीतून सांगितलेल्या गोष्टीला आमच्या गुणपत्रकात रकानाच नव्हता. या सत्रापासून तो घातला आहे. त्यात गुण कोणी द्यायचे, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.