फाउंटनच्या फुटपाथवरचा वेताळ

मुंबईला जायचं ठरलं की आपली यादी तयारच असते. दादरला साड्या, क्रॉफर्ड मार्केटात सुकामेवा, जमलंच तर महालक्ष्मीचं दर्शन. जुन्या पुस्तकांचा फुटपाथ काही त्या यादीत नसतो. यंदा दिवाळीच्या सुटीत मी मात्र त्याच्यासाठी एक अख्खा दिवस काढला आणि तो सत्कारणी लागला. म्हणून, मैत्रिणींनो, हा लेखनप्रपंच!

निमित्त झालं एका ट्रंकेचं. साताऱ्याचं आमचं जुनं घर यंदा आवरायला काढलं. माळ्यावर मामंजींची पत्र्याची हिरवी ट्रंक होती. मामंजींना जाऊन आता सहा वर्षं झाली. ट्रंक उघडली तर आत मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'! वेताळ, जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर, सगळी मंडळी दाटीवाटीनं बसलेली. वरच्या अंकांची कव्हरं काल छापल्यासारखी, तर तळाच्या अंकांना कसर लागलेली. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, रद्दीवाल्याला बोलवा." आमचे हे म्हणाले, "अगं, हल्ली शौकीन लोक याला चांगले पैसे मोजतात म्हणे." सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या तेच मला बोचलं. निकाल लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं, म्हणून पाच अंक उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आम्ही दोघं मुंबईला निघालो.

सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच 'टाइम्स ऑफ इंडिया'ची जुनी दगडी इमारत दिसते. इंद्रजालचं माहेर हेच. टाइम्सच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च 1964 मध्ये पहिला अंक काढला, तो वेताळाचा. वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक नावाच्या लेखकानं 1936 साली त्याला वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत जन्म दिला. तिकडे तो 'फँटम', आपल्याकडे आल्यावर 'वेताळ' झाला. त्याच्या देशाचं मूळ नाव आपल्या बंगालशी मिळतंजुळतं होतं. वाचकांचा घोटाळा नको म्हणून इंद्रजालनं ते बदलून 'डेंकाली' केलं. बायकांच्या दृष्टीनं सांगायची गोष्ट म्हणजे, डायना पामरशी त्याचं लग्न लागायला 1977 साल उजाडलं. एक्केचाळीस वर्षं थांबली बिचारी!

आता गंमत ऐका. आतली चित्रं परदेशी असली, तरी कव्हर मात्र इथल्या चित्रकाराच्या हातचं असे. सुरुवातीच्या अंकांची कव्हरं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. पुढे 1976 च्या डिसेंबरात आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा अस्सल देशी नायक उभा केला, त्याचीही चित्रं ब्राह्मणियांचीच. जीन्सवर कुडता घालून चंबळच्या डाकूंशी लढणारा बहादूर आणि त्याच्या बरोबरीनं दोन हात करणारी बेला! 1990 साली इंद्रजाल बंद पडलं. अमेरिकन गोष्टी आजही तिकडे पुस्तकरूपानं मिळतात, पण ती कव्हरं इथल्या अंकांवरच. म्हणून शौकीन लोक जीव टाकतात तो त्यांच्यावर.

तिथून दादाभाई नवरोजी रस्त्यानं सरळ चालत निघालो. दोन्ही बाजूंना जुन्या इमारतींच्या कमानी, त्यांच्या सावलीत घड्याळं, पट्टे, चष्मे विकणारे. पाऊलभर जागा मिळेल तर शपथ! पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक आला. मधोमध 1864 सालचं फ्लोरा फाउंटन, आणि आजूबाजूच्या फुटपाथांवर जुन्या पुस्तकांच्या चळती. एके काळी चर्चगेटच्या वाटेवर या चळतींच्या रांगाच्या रांगा असत. 2005 साली महापालिकेनं स्टॉल उठवले. त्यानंतर काही विक्रेते परतले, पण पूर्वीची गजबज आता नाही. (माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बागेजवळही असे पुस्तकवाले बसतात.)

मला वाटून गेलं, केवढासा हा रस्ता! एका टोकाला अंक जन्मला. तिथून गावोगावच्या घरांत गेला, कितीतरी हातांतून फिरला, रद्दीत पडला आणि पुन्हा दुसऱ्या टोकाला फुटपाथवर येऊन बसला. मधला सगळा प्रवास झाला तो आपल्यासारख्यांच्या घरांतून. कुठला अंक वाचणार आणि कुठला फळीवर अंथरला जाणार, हे बहुतेक वेळा घरातली बाईच ठरवत असणार.

एका वयस्क विक्रेत्यापुढे अभ्रा सोडला. मी गोष्टींची नावं सांगायला लागले तर ते म्हणाले, "ताई, गोष्ट राहू द्या. आधी कव्हर दाखवा." मग त्यांनी आमची शिकवणीच घेतली. कव्हर सुटं झालेलं नको, पिना गंजलेल्या नकोत, मधलं पान गेलेलं नको. वाचनालयाचा शिक्का असला की भाव उतरतो. दहा-दहा अंक एकत्र शिवून कडा कापलेला गठ्ठा असेल तर आणखी उतरतो. मराठी अंक शोधणारेही आहेत, असं त्यांनी सांगितलं. आमचे पाचही अंक त्यांनी उलटून पाहिले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे शाईनं तारीख लिहिलीय. सगळ्यांवर आहे का?" सगळ्यांवर होती. "मग थोडी किंमत कमी येईल," ते म्हणाले. तरीही त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात आमच्या नव्या फ्रिजचा बराचसा भार हलका झाला असता, खोटं कशाला सांगू!

घरी आल्यावर सासूबाईंना त्या तारखांबद्दल विचारलं. त्या हसल्या. "अगं, त्या पगाराच्या तारखा. स्टँडवरच्या स्टॉलवरून पगाराच्या दिवशी स्वतःला एक अंक घ्यायचे आणि मला गजरा. गजरे काय, सुकून गेले." मग बहादूरचा एक अंक हातात घेऊन म्हणाल्या, "आणि हा तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या दिवशीचा. दवाखान्याच्या बाहेर रात्रभर हाच वाचत बसले होते." आमचे हे त्या अंकाकडे बघतच राहिले.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. दोन-दोन प्रती होत्या त्यांतली एकेक विकली. कव्हरं गेलेले अंक माझ्या शाळेच्या वाचनालयात दिले, तिथे मुलांची त्यांच्यावर झुंबड उडते. फ्लॅश गॉर्डनचं रॉकेटचं एक कव्हर मी वर्गातही दाखवलं. आपल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं ते 21 नोव्हेंबर 1963 ला, म्हणजे इंद्रजालच्या पहिल्या अंकाच्या चारच महिने आधी. चांद्रयान-3 चंद्रावर उतरताना पाहिलेली ती पोरं त्या रॉकेटला हसली, पण मग प्रत्येकानं आपापलं रॉकेट काढून आणलं! बाकीचे अंक, तारखांसकट, सासूबाईंच्या कपाटात गेले. फ्रिज पुढच्या वर्षी बघू.

तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. स्वस्त कागदातलं लिग्निन हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं, कागद ठिसूळ होतो. तेव्हा अंक कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटका, ओलं फडकं लावू नका. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कायमचा डाग पाडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. अंक आडवे ठेवा, फार उंच चळत करू नका. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळवून मलमलच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पावसाळा संपला की एकदा उघडून कसर लागली नाही ना, ते बघा.

आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा. भाव फाउंटनवर कळतो. कोपऱ्यातल्या तारखेचा अर्थ मात्र घरातच कळतो.